जेआरपीजी आणि व्हिज्युअल नॉव्हेल: मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑफिसात डबा खाताना, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा तर डोंबिवली फास्टमध्ये माझ्या फोनमध्ये डोकावणाऱ्या एका काकूंनी विचारलेले हे प्रश्न आहेत. तीच तीच उत्तरं देऊन जीभ झिजली, म्हणून एकदाच लिहून काढते. मी जाणकार वगैरे नाही. पंचवीसेक वर्षं रात्रीची भांडी आवरून खेळायला बसणारी बाई आहे. कुठल्याही गोष्टीचा शेवट इथे फोडलेला नाही, निर्धास्त वाचा.

जेआरपीजी म्हणजे काय?

जपानी रोल-प्लेइंग गेम, म्हणजे जपानी घडणीचा, गोष्ट सांगणारा खेळ. चार-पाच जणांची टोळी घेऊन तुम्ही गावोगाव हिंडता, लोकांशी बोलता, वाटेत राक्षसांशी लढता, लढून लढून तगडे होता आणि शेवटी कुणातरी अवाढव्य शत्रूपुढे उभे राहता. व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये हिंडणंही नाही आणि लढणंही नाही. पडद्यावर चित्र, मागे संगीत, पात्रांचे आवाज आणि खाली मजकुराची पट्टी. बटण दाबलं की पुढचं वाक्य.

मग हे दोन वेगळे प्रकार एकत्र का सांगतेस?

कारण दोन्ही एकाच घरचे आहेत. युजी होरी नावाच्या लेखकाने १९८३ साली कोबे शहरातल्या खुनाच्या तपासाचा एक खेळ केला, ‘पोर्टोपिया’. त्यात काय करायचं ते कीबोर्डवर टाइप करावं लागे. १९८५ मध्ये तो फॅमिकॉमवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या निन्टेंडोच्या यंत्रावर, आला. फॅमिकॉमला कसला आलाय कीबोर्ड, म्हणून पडद्यावर क्रियापदांची यादीच दिली आणि त्यातलं एक निवडायचं. पुढच्याच वर्षी, २७ मे १९८६ ला, त्याच होरींचा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आला आणि त्यातही तीच यादी होती: बोल, शोध, दार उघड. त्या पहिल्या खेळात जिना उतरायचा तरी यादीतून ‘जिना’ निवडावा लागायचा, नुसतं पायरीवर उभं राहून भागायचं नाही. चित्रं अकिरा तोरियामांची, संगीत कोइची सुगियामांचं. कल्पनेचा मूळ ऐवज ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ या अमेरिकन संगणक-खेळांचा. होरींनी तो पोरासोरांना झेपेल इतका सोपा केला.

आता गंमत बघा. हे दोन्ही खेळ फॅमिकॉमवर ज्या चुन्सॉफ्ट कंपनीने बांधले, त्याच चुन्सॉफ्टने १९९२ मध्ये ‘ओतोगिरिसो’ काढला, नुसता वाचायचा आणि ऐकायचा खेळ. त्याला ते ‘साउंड नॉव्हेल’ म्हणत. १९९६ मध्ये लीफ कंपनीने आपल्या मालिकेला ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ म्हटलं आणि तेच नाव रुळलं. सख्खी नाही म्हटलं तरी चुलत भावंडं आहेतच.

एकदा तू मार, एकदा मी मारतो, ही कसली लढाई? कंटाळा येत नाही?

रमी खेळताना येतो का? पान उचलायचं, विचार करायचा, टाकायचं. तसंच आहे हे. बोटांच्या चपळाईला इथे किंमत नाही, म्हणून चाळिशीनंतरही मी यात टिकून आहे. शिवाय जपानी लोक या पाळीपाळीच्या डावात सतत काहीतरी नवं घालत आले. ‘फायनल फँटसी ४’ने १९९१ मध्ये प्रत्येकाला स्वतःचं घड्याळ दिलं, तुम्ही विचार करत बसलात तर शत्रू थांबत नाही. ‘पर्सोना’त समोरच्याचं वर्म सापडलं की तो आडवा होतो आणि तुम्हाला आणखी एक वार फुकट मिळतो. वर्म हुडकण्यातच सगळी मजा. आगीने भागत नाही, वाऱ्याने बघू, वाऱ्यानेही नाही, मग विजेने.

तगडं व्हायला तेच तेच राक्षस मारत तास न् तास घासावं लागतं म्हणे?

पूर्वी लागायचं. हल्लीच्या खेळांत सोपी पातळी निवडता येते, लढाई दुप्पट वेगाने पळवता येते. घासायचा कंटाळा असेल तर खुशाल सोपं करा, कुणी मार्क देत नाही. आणि जुन्या दिवसांचे कढ काढणाऱ्यांना एवढंच सांगा की पहिल्या जपानी ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये खेळ सेव्हच होत नसे. हिरागाना या जपानी लिपीतल्या वीस अक्षरांचा ‘मंत्र’ वहीत उतरवून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी तो परत भरायचा. दुसऱ्या भागात हा मंत्र बावन्न अक्षरांपर्यंत गेला. एक अक्षर चुकलं की आठवड्याची मेहनत पाण्यात.

पहिल्यांदा काय खेळू?

‘क्रोनो ट्रिगर’. १९९५ चा आहे, चित्रं ठिपक्याठिपक्यांची आहेत, फोनवर मिळतो आणि पंचवीसेक तासांत संपतो.

सुरुवात जत्रेपासून होते. राज्याला हजार वर्षं झाली म्हणून चौकात मेळा भरलाय. आई तुम्हाला उठवते, तुम्ही जत्रेत जाता आणि एका मुलीला धडकता. तिच्या गळ्यातलं पदक खाली पडतं. आधी पदक उचलायचं की आधी तिला विचारायचं, लागलं का म्हणून? पुढे एका टेबलावर कुणाचं तरी जेवण ठेवलेलं दिसतं. बटण दाबलं तर तुम्ही ते खाऊन टाकता, तब्येतही सुधारते. एका लहान मुलीचं मांजर हरवलंय. ते हुडकून देता येतं, न देताही पुढे जाता येतं. खेळ काही म्हणत नाही.

दोनेक तासांनी तुमच्यावर खटला भरतो आणि साक्षीदार उभे राहतात. ज्यांचं जेवण तुम्ही हादडलं ते आजोबा. मांजरवाली मुलगी. आधी पदक की आधी माणूस, तेही निघतं. मी पहिल्यांदा खेळले तेव्हा जेवण खाल्लं होतं. खेळात टेबलावर दिसलेलं खायचं असतं हे मी इतकं गृहीत धरलेलं होतं की ते कुणाचं तरी असेल हे डोक्यातच आलं नाही. आजोबा साक्षीला उभे राहिले तेव्हा मी खोलीत एकटी असूनही लाजले. तेव्हापासून कुठल्याही खेळात कुणाच्या घरी शिरून मडकी फोडताना हात जरा अडखळतो. (फोडतेच. पण अडखळतो.)

शंभर तास? एवढा वेळ कुणाला आहे?

मलाही नाही. ‘पर्सोना ५ रॉयल’ला मला अख्खा पावसाळा आणि पुढची दिवाळी लागली. पण रोज मालिका बघणाऱ्यांनी हा प्रश्न विचारावा म्हणजे कमाल आहे. हा खेळ बनलेलाच दिवसादिवसाने आहे. एप्रिलमध्ये जपानी शाळा सुरू होते. तुम्ही टोकियोत नवखे, सांगेनजायासारख्या एका गल्लीतल्या कॅफेच्या माळ्यावर राहायला आलेले. शाळा सुटल्यावर एक काम, संध्याकाळी एक. अभ्यास करा, मित्राला भेटा, वॉशिंग मशीन लावा, काहीही. वर्गात उशिमारू नावाचे मास्तर खडू फेकून मारतात आणि तुमच्या अंगी पुरेसं कसब असेल तर तुम्ही तो चुकवता. आमच्या शाळेत डस्टर यायचा, पण रोख तोच.

कॅफेचा मालक, सोजिरो साकुरा, सुरुवातीला तुम्हाला उंबऱ्यावरही उभं करायला राजी नसतो. हळूहळू तो कॉफी करायला शिकवतो, मग करी. जपानी करी म्हणजे आपली आमटी नव्हे. मेइजी काळात इंग्रजांच्या हातून तिकडे पोचलेली ती दाट, गोडसर भातावरची करी. ती रांधून गुहेत नेली की लढताना मनाची शक्ती भरून येते. माझे सगळे शंभर तास त्या माळ्यावर आणि त्या करीवर गेले. राक्षस मारायला मी कितीदा गेले आठवत नाही. पहिली करी कुठल्या रात्री जमली ते आठवतं. आणि रात्री दमून आलात की तुमच्यासोबत राहणारं बोलकं मांजर सांगतं, आज झोप. पहिल्यांदा गोड वाटतं, तिसाव्यांदा त्या मांजराला खिडकीतून खाली टाकावंसं वाटतं.

माझं इंग्रजी बेताचं आहे. जमेल का?

हे खेळ अजून इंग्रजीतच खेळावे लागतात, म्हणजे आपल्याला. साधं वर्तमानपत्री इंग्रजी येत असेल तर निभावतं, कारण वाक्य तुमच्यासाठी थांबलेलं असतं. शब्द अडला तर बघा, मग बटण दाबा. आणि मराठी माणसाला एक जास्तीचा फायदाही आहे. खरं तर तो सांगायलाच मी हे सगळं लिहायला घेतलं.

आवाज जपानी ठेवा, अक्षरं इंग्रजी. थोड्या दिवसांत कान टिपायला लागतील की इंग्रजीत जे घडलंच नाही ते आवाजात घडून गेलं. इंग्रजीतला ‘यू’ अख्ख्या जगाला पुरतो. जपानीत मात्र आडनावापुढे ‘सान’ लावायचं, ‘कुन’ लावायचं, ‘चान’ लावायचं की काहीच नाही, यावर सगळी नाती उभी असतात. शंभर तास ‘अमुक-सान’ म्हणणारा मुलगा एका प्रसंगी नुसतं नाव घेतो. खाली इंग्रजीत तेच नाव, आधीही तेच होतं. आपण मात्र दचकतो, कारण ‘अहो जोशी’चं ‘अरे मंदार’ कधी होतं आणि त्यासाठी काय काय व्हावं लागतं हे आपल्याला घरात शिकवलेलं असतं. ‘पर्सोना’च्या इंग्रजी भाषांतरात ‘सेनपाय’ (शाळेत सीनियरला म्हणतात ते) आणि ‘कुन’ तसेच ठेवलेत. बरं केलं.

‘स्टाइन्स गेट’ घ्या. २००९ चा व्हिज्युअल नॉव्हेल, टोकियोतल्या अकिहाबारात घडतो. नायकाचं नाव ओकाबे. तो स्वतःला होओइन क्योमा म्हणवतो, वेडा शास्त्रज्ञ, आणि ओकाबे म्हटलं की चिडतो. लहानपणची मैत्रीण मायुरी त्याला ओकारिन म्हणते आणि तिच्यावर तो चिडत नाही. कुरिसु नावाच्या हुशार मुलीला तो कधी ‘मदतनीस’ म्हणतो, कधी ‘क्रिस्टिना’, आणि ती दर वेळी फणकारते की माझ्या नावात ‘टिना’ कुठून आली. तीस तास ही नावांची धुसफूस चालते. मग तो एकदा नीट नाव घेतो. बस्स, एवढंच. ज्या घरात एकाच माणसाला आई बाळू म्हणते, बायको अहो म्हणते आणि शेजारी अप्पा म्हणतात, तिथल्या वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही.

वाक्याची चालही आपल्यासारखी आहे. क्रियापद शेवटी, आणि नकार त्याच्याही नंतर. मजकुराच्या पट्टीत अक्षरं एकेक उमटतात, तेव्हा ‘मी तुला विसरले’ इथपर्यंत आल्यावर काळजात धस्स होतं आणि मग ‘नाही’ येतं. इंग्रजीला नकार आधीच फोडावा लागतो. जपानी लेखक या शेवटच्या शब्दावर वाचकाला टांगून ठेवतात. मराठीत आपणही ठेवतो, फक्त लक्षात येत नाही.

आणि माझं लाडकं उदाहरण. २००१ मध्ये गेम बॉय ॲडव्हान्स या हातात धरायच्या यंत्रावर वकिलांचा एक खेळ आला, इंग्रजीत त्याला ‘एस अटर्नी’ म्हणतात. नायक बोट रोखून ओरडतो, “इगी आरी!” इंग्रजीत ‘ऑब्जेक्शन’. पण इगी म्हणजे हरकत आणि आरी म्हणजे आहे. हरकत आहे! कल्याणच्या कोर्टात वकील जे म्हणतो ते शब्दाला शब्द. इंग्रजी भाषांतरकारांनी मात्र खटले लॉस एंजेलिसला नेले आणि नायकाची सोबतीण माया हिच्या रामेनचा, म्हणजे शेवयांच्या सूपचा, बर्गर केला. खेळ त्यामुळे जगभर पोचला हे खरं, पण देवळं, आत्म्याशी बोलणाऱ्या बायका आणि किमोनो घातलेली मुलगी कॅलिफोर्नियात काय करतात हा प्रश्न पुढच्या प्रत्येक भागात भाषांतरकारांच्या मानगुटीवर बसला.

व्हिज्युअल नॉव्हेल हा खेळ तरी आहे का? नुसतं वाचायचं तर पुस्तक काय वाईट?

वाईट काहीच नाही. पण पुस्तकाला तुम्ही तेच पान पुन्हा वाचताय हे कळत नाही, याला कळतं.

‘४२८’ नावाचा एक आहे, चुन्सॉफ्टचाच, २००८ चा. टोकियोतलं शिबुया, एकच दिवस, सकाळी दहा ते रात्री आठ, पाच मुख्य माणसं, एकमेकांना न ओळखणारी. चित्रं काढलेली नाहीत, बहुतेक सगळे खऱ्या नटांचे फोटो आहेत. एकाच्या गोष्टीत तुम्ही क्षुल्लक निर्णय घेता आणि दुसऱ्याची गोष्ट तिथल्या तिथे बोंबलते. मग परत जाऊन पहिल्याला वेगळं वागवायचं. हे कागदावर कसं करणार?

‘फेट/स्टे नाइट’ (२००४) एकच लढाई तीन वाटांनी सांगतो आणि पहिली वाट पुरी केल्याशिवाय दुसरी उघडत नाही. चुकीचा पर्याय निवडलात तर नायक मरतो, आणि मेल्यावर ‘टायगर दोजो’ नावाच्या आखाड्यात दोघी बायका त्याची खिल्ली उडवत कुठे चुकलं ते सांगतात. मी मुद्दाम मरायचे, आखाडा बघायला.

उलट ‘हिगुराशी’त निवडायला काहीच नाही. २००२ पासून कोमिकेट या टोकियोच्या हौशी मेळ्यात सीडीवर विकला गेलेला हा भयकथेचा खेळ. चित्रं अशी की पात्रांचे हात बघून हसू येतं, आणि दोन तासांनी त्याच चित्रांकडे बघायची हिंमत होत नाही. यात तुम्ही काय खेळता? तर तर्क. प्रश्नांचे भाग आधी येतात, उत्तरांचे नंतर, आणि मधल्या काळात डोकं तुमचं.

सुरुवातीचे तास फार रटाळ असतात. सोडून देऊ?

‘स्टाइन्स गेट’ मी दोनदा सोडला. दोन्ही वेळी त्याच जागी, मायक्रोवेव्हमध्ये केळ्याचा हिरवा लगदा होतो तिथे. तिसऱ्या वेळी सर्दी-तापाने घरी पडून होते म्हणून पुढे गेले. आता मागे वळून बघते तर त्या रटाळ तासांत टोळीतल्या प्रत्येकाची बसायची जागा, आवडतं पेय, बोलायची लकब मुरवलेली होती, आणि नंतर खेळ नेमकं त्यावरच घाव घालतो. तेव्हा याच्या बाबतीत सोडू नका. पण हा नियम सगळ्यांना लावू नका. काही खेळ रटाळ असतात कारण ते रटाळ असतात. दहा तास दिले, भरपूर झाले.

‘शिवा’ ही बर्फाची बाई कशी काय?

हा आमच्या आजीचा प्रश्न. ‘फायनल फँटसी’त हाक मारली की धावून येणारी दैवतं असतात आणि १९९० च्या तिसऱ्या भागापासून त्यात शिवा नावाची निळी, हिमाची बाई आहे. आजीने चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि म्हणाली, “कैलासावर थंडी असते ना, म्हणून असेल.” यापेक्षा बरं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. चौथ्या भागात असुरा ही राणी आहे, तीन तोंडांची. ‘फायनल फँटसी १४’मध्ये रावण किड्यासारख्या रूपात येतो, लक्ष्मीशीही लढावं लागतं, आणि २०२१ च्या विस्तारात थावनेर नावाचं बेट आहे, मसाल्यांचं, रंगांचं, हत्तीच्या तोंडाची माणसं राहतात असं.

राग येतो का? मला नाही येत. मुळात आपले देव बौद्ध धर्माबरोबर जपानला कधीच पोचलेत. सरस्वती तिथे बेन्झाइतेन झाली, महाकाल दाइकोकुतेन होऊन लठ्ठ आणि हसरा झाला, गणपती कांगितेन झाला. हजार-बाराशे वर्षं ज्या देवांना त्यांनी आपल्या रूपात बघितलं, त्यांना खेळात आणखी एक मुखवटा चढवताना त्यांचा हात कचरत नाही.

या प्रकारातला सर्वांत धीट प्रयोग म्हणजे ‘डिजिटल डेव्हिल सागा’, ॲटलस कंपनीचा, २००४ चा. सतत पाऊस पडणाऱ्या ओसाड जगात टोळ्या लढतायत, जिंकेल त्या टोळीला निर्वाण. एके दिवशी सगळ्यांच्या अंगावर खूण उमटते आणि माणसं वरुण, अग्नी, वायू, पृथ्वी अशी रूपं घ्यायला लागतात. नव्या विद्या शिकायच्या तर मंत्र घ्यावे लागतात, पैसे मोजून. आणि शक्ती वाढते शत्रूला खाऊन. कर्म, आत्मा, भूक, सगळं एकाच ताटात वाढलंय. त्या वर्षी मी मांसाहार सोडणार होते जवळजवळ.

आणि कुठल्याशा खेळात कर्ण-अर्जुनही आहेत म्हणे?

ते ‘फेट/ग्रँड ऑर्डर’मधले. हा फोनवरचा खेळ २०१५ मध्ये सुरू झाला. त्याच्या एका अध्यायात कर्ण आणि अर्जुन १७८३ च्या अमेरिकेत एकमेकांसमोर येतात. ऐकायला अचाट वाटतं, पण कर्णाचं चित्रण मला मनापासून पटलं. अबोल, मागेल त्याला देणारा, आणि कवच इंद्राला दिल्यावर मिळालेली शक्ती हातात भाल्यासारखी. मराठी वाचक कर्णाच्या बाजूने आधीपासूनच झुकलेला असतो, त्याला हे घरचंच वाटेल. फक्त एक सांगून ठेवते: यात पात्रं सोडतीसारखी मिळतात आणि सोडतीला खरे पैसे जातात. मी महिन्याचं बजेट ठरवून खेळायचे, मग बजेट वाढवून खेळायचे, मग बंद केला.

मुलांना देऊ का?

आधी वेष्टनावरचं अक्षर बघा. जपानी खेळांवर सीईआरओ संस्थेचा शिक्का असतो: ए सगळ्यांना, बी बाराच्या पुढे, सी पंधरा, डी सतरा, झेड अठरा. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ बिनधास्त द्या. व्हिज्युअल नॉव्हेलच्या बाबतीत मात्र चित्रावर जाऊ नका. हा प्रकार वाढला तो बराचसा प्रौढांच्या बाजारात. २००४ च्या मूळ ‘फेट/स्टे नाइट’मध्येही तसे प्रसंग होते, नंतरच्या आवृत्त्यांतून ते काढले. आणि ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’ (अमेरिकन आहे, २०१७ चा, फुकट) बघून गुलाबी, गोजिरवाणा वाटेल. सुरुवातीलाच तो बजावतो की लहान मुलांसाठी नाही. त्याचं ऐका.

तुला यात काय आवडत नाही?

बरंच. जग वाचवायची जबाबदारी कायम सतरा वर्षांच्या मुलावर. तिशीतला माणूस आला की तो एकतर ‘म्हातारा’ नाहीतर खलनायक. गंभीर प्रसंगाच्या मधोमध गरम पाण्याच्या झऱ्यावर मुलींना चोरून बघायचा पाचकळ विनोद, मालिका कुठलीही असो. ‘पर्सोना ४’ मला अतिशय प्रिय आहे. इनाबा नावाचं आडगाव, धुकं, जुन्या बाजारपेठेचा जीव घेणारा जुनेस नावाचा मॉल, आपल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात घडावं तसं. पावसाळी दिवशी खानावळीत डोंगराएवढा गोमांस-भाताचा वाडगा संपवायची पैज असते. पण त्याच खेळात मुलाला मुलगा आवडू शकतो का या प्रश्नाला आधी हात घातलाय आणि मग भिऊन थट्टेवारी नेलंय. २००८ चा काळ म्हणून सोडून देता येत नाही मला.

आणखी एक, एकच गोष्ट तीनदा सांगायची खोड. पात्र गुपित सांगतं, दुसरं पात्र ते पुन्हा उच्चारतं, तिसरं म्हणतं “म्हणजे?” अरे, कळलं!

कुठे मिळतात आणि किती पैसे लागतात?

संगणकावर स्टीम नावाचं ऑनलाइन दुकान, तिथे २०१५ पासून रुपयांत पैसे देता येतात. नवा खेळ महाग असतो, तो इच्छायादीत टाकून सेलची वाट बघा. फोनवर ‘क्रोनो ट्रिगर’, जुने सहा ‘फायनल फँटसी’ आणि ‘एस अटर्नी’चे पहिले तीन भाग आहेत. उभ्याने लोकलमध्ये खेळायला शेवटचा उत्तम, एका हाताने जमतो. फुकटात हवं तर ‘नार्किस्सु’, छोटासा आणि फार शांत, मरणाच्या दारातल्या दोघांचा.

चोरीच्या सीडीबद्दल विचारू नका. विचारलंतच तर: कॉलेजात असताना स्टेशनबाहेरच्या एका टपरीवरून ‘फायनल फँटसी ७’ घेतला होता, तीन सीड्यांचा. दुसरी सीडी ओरखडलेली निघाली. टपरी पुढच्या आठवड्यात उठली. क्लाउड नावाचा तो नायक माझ्या मेमरी कार्डात, पंधरा खणांपैकी एका खणात, चार वर्षं तसाच उभा होता.

संगीताचं एवढं काय कौतुक?

२३ जुलै २०२१, टोकियो ऑलिम्पिकचं उद्घाटन. आपल्याकडे दुपारच्या चहाची वेळ. खेळाडूंचं संचलन सुरू झालं आणि पहिल्याच सुरांना मी कप खाली ठेवला. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ची सलामी! मग ‘फायनल फँटसी’, मग ‘क्रोनो ट्रिगर’. मेरी कोम आणि मनप्रीत तिरंगा घेऊन आले तेव्हा घरच्यांना वाटलं मी त्यांना बघून रडतेय. मी दुरुस्त केलं नाही.

मराठीत का नाही?

मी करून बघितला आहे, वीस मिनिटांचा. रेनपाय नावाचं मोफत साधन आहे. नाव ‘रेनआय’ म्हणजे प्रेम आणि ‘पायथन’ यांचं मिळून झालंय. पूर्वी त्यात आपली जोडाक्षरं तुटून पडायची, ‘र्क’ आणि ‘त्त’ बघवत नसत. हल्ली नीट उमटतात. अडचण निघाली भलतीकडेच.

गोष्टीतला निवेदक कोण, मुलगा की मुलगी, हे मला शेवटपर्यंत लपवायचं होतं. जपानीत हे सहज होतं. इंग्रजीतही होतं. मराठीत पहिलंच वाक्य लिहिलं, “मी दार उघडून आत आलो” आणि संपलं रहस्य. ‘आलो’ म्हटलं तर मुलगा, ‘आले’ म्हटलं तर मुलगी. मग तीन रात्री वाक्यं वळवत बसले. “दार उघडलं. आत अंधार होता. माझ्या हातात मेणबत्ती.” भूतकाळात सकर्मक क्रियापद असलं की मी सुटते, कारण दार उघडलं ते दाराच्या लिंगाने, पण येणं, जाणं, बसणं, घाबरणं आलं की पकडले जाते. माझ्या निवेदकाला वीस मिनिटं कुठे जाताच आलं नाही. सगळं त्याच्या-तिच्या डोळ्यांसमोर घडतं, तो-ती जागचं हलत नाही. आणि मैत्रिणीने खेळून झाल्यावर विचारलं, “हा माणूस भूत आहे का गं?” मी हो म्हटलं. आता तो शेवट आहे.

सध्या काय खेळतेस?

‘ट्रेल्स इन द स्काय’. मूळ २००४ चा, त्याची नवी आवृत्ती २०२५ मध्ये आली. पहिलं गाव रोलेंट, मधोमध घड्याळाचा मनोरा. या मालिकेत दर छोट्या घटनेनंतर गावातल्या प्रत्येकाचं बोलणं बदलतं. खाणीत काही झालं की सराईवाली वेगळं बोलते, शाळकरी पोरं वेगळं बोलतात, भांडलेले नवरा-बायको दोन दिवसांनी गोडीत येतात. यातलं काहीही ऐकायची सक्ती नाही. मी मात्र दर वेळी सगळं गाव पुन्हा पालथं घालते.

काल रात्री नवरा पाणी प्यायला उठला, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, “अजून त्याच गावात?”

“सरायवालीशी बोलायचं राहिलंय,” म्हटलं.

“मग बोल आणि झोप.” हा अगदी त्या मांजरासारखा बोलतो.